पैलवानाचं मापटं

आमच्या घरी ग्रेट डेन आला तो दोन सिमेंटच्या सिंहांमुळे.

पानशेतला धरणाच्या काठी पुण्याच्या एका गृहस्थांचा शनिवार-रविवारचा बंगला आहे. तिथली विजेची कामं माझे यजमान बघतात. फाटकाच्या दोन्ही खांबांवर सिंह बसवून झाले, रंगवूनही झाले, तेव्हा त्या गृहस्थांना वाटलं की खाली काहीतरी जिवंतही हवं. म्हणून त्यांनी हे पिल्लू आणलं. पिल्लाबरोबर सोनेरी किनारीचं वंशावळीचं पत्र होतं. मी भोरच्या कॉलेजात इतिहास शिकवते. वंशावळी पुष्कळ पाहिल्या आहेत आणि त्यांच्याकडे कसं बघायचं तेही मला ठाऊक आहे. ह्या पत्रानुसार पिल्लाच्या पणजोबांपर्यंत सगळे उमराव होते आणि पिल्लाचं स्वतःचं नाव चार शब्दांचं होतं. त्यातल्या एकालाही ते ओ देत नव्हतं.

पुढे असं झालं की सोमवार ते शुक्रवार बंगला रिकामा आणि पिल्लू एकटं. ही जात दिसायला राजवाड्याच्या दारात उभी करण्यासारखी असली तरी तिचा जीव माणसांत असतो. कुणाच्या तरी पायावर डोकं टेकलेलं असलं की ती सुखी. एकटं ठेवलं की रडते, दारं ओरबाडते, जेवण सोडते. हे पिल्लू रडायचं आणि वर सिमेंटच्या सिंहांना भ्यायचं. फाटकातून आत न्यायचं तर त्याला उचलून, डोळ्यांवर हात ठेवून न्यावं लागे. राखणदार कंटाळला, मालक कंटाळले, आणि दिवाळीनंतर एका संध्याकाळी यजमान टेम्पोतून ते पिल्लू घेऊन उत्रोलीत आमच्या दारात उतरले.

"थोड्या दिवसांसाठी आहे," ते म्हणाले. आमच्या घरात थोड्या दिवसांसाठी आलेली एकही वस्तू अजून परत गेलेली नाही.

माझे सासरे, आम्ही त्यांना आबा म्हणतो, ओट्यावर बसले होते. ते तरुणपणी पैलवान होते. आता सत्तरी ओलांडली आहे, कान चुरगळलेले आहेत आणि गुडघे बाहेरच्या बाजूला इतके वाकलेत की दोन पायांच्या मधून मांजर आरामात जाईल. काठी वापरायला सांगितली तर राग येतो. त्यांनी पिल्लाला जवळ ओढलं, पुढच्या पायांचे पंजे हातात घेऊन बघितले, छाती बोटांनी मापली आणि म्हणाले, "सूनबाई, हे कुत्रं न्हाई. हे पैलवान हाय."

तेच नाव पडलं. चार शब्दांचं नाव कपाटात, सोनेरी किनारीसकट.

आता पैलवान म्हटलं की खुराक आला. आणि आमच्या गावात खुराक ही एका घराची बाब कधीच नव्हती. गावात तालीम भरात होती त्या काळात होतकरू पोराला एखाद्या घराचं दूध, दुसऱ्याची अंडी, तिसऱ्याचं तूप असं ठरलेलं असे. पैलवान गावाचा. यात्रेत तो जिंकला की दूध पाठवणारी प्रत्येक बाई म्हणायची, आमच्या म्हशीनं मारलं मैदान. आबांनी हे सगळं खाल्लेलं. तालीम बंद पडली. तिच्यात आता ग्रामपंचायतीच्या खुर्च्या आणि एक मोडकं फवारणीचं यंत्र ठेवतात. पण गावाचा हात तसाच राहिला होता. त्याला खायला घालायला कुणी तरी हवं होतं.

आठवडाभरात दारात रांग लागली. शेजारच्या काकी तांब्याभर धारोष्ण दूध घेऊन यायच्या. कुणी उकडलेली अंडी, कुणी तुपात कुस्करलेली भाकरी, बुधवारी मटणवाल्याकडून हाडं. आबा स्वतः पहाटे बदाम वाटायचे. मी वाचून काढलं होतं की मोठ्या जातीच्या पिल्लाला सावकाश वाढवायचं असतं, त्याचं शरीर भराभर वाढतं आणि हाडं मागे राहतात, तेव्हा मोजकं द्यावं. हे मी आबांना सांगितलं.

"कुठं वाचलं?"

"पुस्तकात."

"लिवणाऱ्यानं कुस्ती केलती का?"

ह्याला माझ्याकडे संदर्भ नव्हता.

पिल्लू वाढलं. वाढलं म्हणजे दर रविवारी यजमान त्याच्या शेजारी उभं राहून बघत आणि म्हणत, "मागच्या आठवड्यात मांडीला लागत होतं ना?" गावाला अभिमान होताच. भोरला बाजारात गेलं तर माणसं विचारत, तुमच्याकडचं ते वासरू कसं आहे. मला ह्या सगळ्या थाटामाटाचं थोडं हसू येई, पण खोटं कशाला सांगू, पिल्लू संध्याकाळी कॉलेजच्या एसटीची वाट बघत फाट्यावर आबांबरोबर बसलेलं दिसलं की मीसुद्धा शेजारच्या बाईकडे वळून बघायचे, तिनं पाहिलं ना म्हणून.

त्याचा स्वभाव मात्र कुणाच्या अपेक्षेत बसत नव्हता. पैलवान म्हटल्यावर गावाला वाटलं, हा वाघासारखा गुरगुरेल. तो काकींच्या कोंबडीला घाबरायचा. कोंबडी ओट्यावर चढली की हा माझ्या मागे. भुंकायचा तर इतक्या खोल आवाजात की स्वतःच दचकून मागे बघायचा, कोण बोललं म्हणून. आणि त्याची एक खास सवय होती. माणूस आवडला की तो शेजारी येऊन उभा राहायचा आणि हळूहळू अंगाचा सगळा भार त्या माणसावर टाकायचा. ढकलणं नव्हे, रेलणं. ह्या जातीत ती आपुलकीची खूण आहे. पण समोरच्यानं पाय रोवले नसतील तर आपुलकीनं तो आडवा व्हायचा. पोस्टमन दोनदा झाला.

संक्रांतीच्या सुमारास मला पहिल्यांदा दिसलं. सकाळी पैलवान ओट्यावरून उतरला आणि त्याचे पुढचे पाय मनगटाशी बाहेर फाकले. पंजे पसरट झाले होते, जणू पाय चिखलात पडतोय. दोन दिवसांनी तो उठायला कुरकुरू लागला. तिसऱ्या दिवशी एसटीच्या फाट्यावर तो नव्हता. आबा एकटेच बसले होते आणि माझ्याकडे बघत नव्हते.

भोरला जनावरांच्या डॉक्टरांकडे आम्ही टेम्पोतूनच नेलं. आबा बरोबर आले, स्वच्छ फेटा बांधून. डॉक्टरांनी पाय दाबून बघितले, एक्स-रे काढला आणि विचारलं, "खायला काय देता?"

आबांना बहुधा ह्याच प्रश्नाची वाट होती. ते खुर्चीत सरळ बसले. "दूध दोन्ही टायमाला. अंडी. तूप. मटणाचा रस्सा. बदाम म्या सोता वाटतो. आन्‌ म्हशीचं ते कॅल्शियम असतंय ना, पांढरं, बाटलीतलं? ते बी देतोय. सकाळ-संध्याकाळ, बुचभर."

म्हशीच्या कॅल्शियमची बातमी मलाही नवी होती. यजमान छताकडे बघू लागले.

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. "मनुके?"

"न्हाई, मनुके न्हाई दिलं."

"देवाची कृपा. कुत्र्याला मनुके विष असतात."

मनुके टळले त्याचं कारण एवढंच, की ते आबांना स्वतःला फार आवडतात आणि पिल्लाच्या वाटीपर्यंत कधी पोचलेच नव्हते. एकाच्या खादाडपणानं दुसऱ्याचा जीव वाचल्याचं हे मला माहीत असलेलं एकमेव उदाहरण.

मग डॉक्टरांनी समजावलं. पिल्लू फार लवकर फार जड झालंय. वरचं कॅल्शियम बाधलंय, हाडं वेडीवाकडी वाढायला लागलीत. सगळं बंद. मोठ्या जातीच्या पिल्लांसाठी मिळणारं एकच खाद्य, मोजून, तीन वेळा, आणि त्यात वरून काहीही घालायचं नाही. बरगड्या डोळ्याला दिसायला नकोत पण हाताला लागल्या पाहिजेत. गुळगुळीत फरशीवर चालवायचं नाही, जिने नाहीत, उड्या नाहीत. मऊ मातीवर थोडं थोडं. जेवल्यावर पळू द्यायचं नाही, ह्या खोल छातीच्या कुत्र्यांचं पोट आत फिरतं आणि मग वाचवायला वेळ मिळत नाही.

"पाय सरळ होतील का?" मी विचारलं.

"वय लहान आहे. होतील असं वाटतं. पण आजपासून नीट केलं तर. असंच चाललं तर वर्षभरात त्याला उभं राहता येणार नाही."

 येताना टेम्पोत पैलवान आबांच्या मांडीवर डोकं ठेवून झोपला होता. उत्रोलीच्या फाट्यावर आबा म्हणाले, "डॉक्टर पोरगा हाय. शिकलेला हाय. पर उपाशी ठिवून कुनी पैलवान व्हतो व्हय?"

पहिले काही दिवस लढाईत गेले. मी खाद्य मोजून घालायचे आणि अर्ध्या तासानं काकींचा तांब्या कुंपणावरून यायचा. मी म्हणायचे, काकी, डॉक्टरांनी मना केलंय. त्या म्हणायच्या, "अगं, घोटभर तर हाय. बघ कसा बघतोय." पैलवान खरंच तसा बघायचा. ह्या जातीच्या कुत्र्याच्या चेहऱ्यावर मुळातच असा भाव असतो की घरात कुणीतरी गेलंय. त्या चेहऱ्यापुढे कुठल्याही बाईनं तांब्या परत नेणं शक्य नव्हतं. मी सून. सुनेनं गावाचं दूध नाकारायचं म्हणजे गावाच्या दृष्टीनं कुत्र्याच्या तोंडचा घास काढायचा. माझ्या पदव्यांचा इथे काही उपयोग नव्हता, आणि आबा ओट्यावर बसून गप्प होते. ते गप्प होते तोवर काकींना परवानगी होती.

एका सकाळी मी चहा घेऊन ओट्यावर गेले. आबा धोतर वर घेऊन गुडघ्यांना तेल चोळत होते. ते रोजच चोळतात. पैलवान शेजारी पडला होता. आबांनी स्वतःच्या गुडघ्यावरून हात फिरवला, मग तोच तेलाचा हात पिल्लाच्या वाकड्या मनगटावरून फिरवला, मग परत स्वतःच्या गुडघ्यावर. असं बराच वेळ. मी कप ठेवला तरी त्यांनी वर बघितलं नाही.

"मला बी असंच भरलं व्हतं गावानं," ते म्हणाले. "मिसरूड फुटायच्या आत. ज्याच्या त्याच्या घरचं दूध. अंग आलं, तसं वस्तादाला म्हणाले, उतरवा मैदानात. वस्ताद म्हणत व्हता, थांबा, हाड पिकू द्या. त्याचं कुनी ऐकलं न्हाई. दूध गावाचं व्हतं ना."

एवढं बोलून त्यांनी चहा घेतला. त्यांचे गुडघे तिशीतच गेले हे मला माहीत होतं. कुस्तीत गेले, असंच घरात सगळे सांगत. खुद्द त्यांच्या तोंडून हे मी पहिल्यांदा ऐकत होते.

चहा संपवून ते उठले, फेटा बांधला आणि देवळाच्या पारावर गेले. काठी न घेता. तिथे सकाळी सगळे असतात. मी भाजी आणायच्या निमित्तानं मागे गेले, कारण इतिहासाच्या माणसाला प्रत्यक्ष साक्षीदार व्हायची संधी क्वचित मिळते.

"ऐका," आबा म्हणाले. "माझ्या पैलवानाला आजपासनं कुनी काय घालायचं न्हाई. दूध न्हाई, अंडं न्हाई, हाड न्हाई. म्या घालीन तेवढंच."

"आबा, काय रागावला का काय?"

"रागावलो न्हाई. त्याचा वस्ताद मी हाय. वस्तादाच्या मर्जीबिगर पैलवानाला घास घालायचा न्हाई, ही रीत हाय का न्हाई?"

"हाय," पारावरच्या एका म्हाताऱ्यानं कबूल केलं.

"मग आधी न्हाई पाळली. आता पाळा."

काकींनी त्या संध्याकाळी चिकाचा खरवस करून पाठवला, पण आबांसाठी. वाटीवर झाकण आणि झाकणावर निरोप: "वस्तादाला चालतंय ना?"

त्या दिवसापासून पैलवानाचं जेवण माझ्या हातातून गेलं. आबांनी माळ्यावरून तांदूळ मोजायचं जुनं मापटं काढलं, डॉक्टरांकडे नेलं आणि त्यात किती बसतं ते विचारून आले. पण मापात एक अडचण होती. आमच्याकडे मापावर शीग लावायची रीत आहे. भरून वर टोक येईल इतकं द्यायचं. सपाट माप देणारा माणूस कंजूष, त्याच्या घरी पोरगी देऊ नये असं समजतात. आबांच्या हाताला सत्तर वर्षं शिगेची सवय. पहिल्या दिवशी त्यांनी मापटं भरलं, वर टोक आलं, आणि ते थांबले. मग बोट कडेवरून फिरवून वरचं सगळं खाली पाडलं. तीन वेळच्या जेवणाला तीनदा. दर वेळी तोंडावर असा भाव, की आपण एखाद्या पाहुण्याला अर्धपोटी उठवतोय. पण एकदाही शीग राहिली नाही.

घरातल्या शहाबादी फरशीवर गोणपाट आले. आणि तालमीच्या खुर्च्या बाहेर निघाल्या. ग्रामपंचायतीनं विचारलं, खुर्च्या ठेवायच्या कुठे? आबा म्हणाले, बसायच्या वस्तू हायत, बसा. आतली माती कुदळीनं खणून, चाळून, मऊ केली. सकाळ-संध्याकाळ आबा आणि पैलवान त्या आखाड्यात गोल फिरायचे, दोघंही वाकड्या पायांनी, दोघंही सावकाश. जेवणानंतर मात्र पैलवानाला ओट्यावर पडून राहायला लागे आणि आबा शेजारी बसत. ह्या नियमाला त्यांची हरकतच नव्हती. "जेवून मातीत उतरायचं न्हाई, हे तर आमचंच हाय. डॉक्टरला कुनी सांगितलं कुनास ठाऊक."

पिल्लू बारीक दिसू लागलं. गावातल्या लोकांना ते बघवेना. बाहेरचा कुणी भेटला की म्हणायचा, आजारी आहे का हो? आबा ऐकून घ्यायचे. मला त्या दिवसांत त्यांचा जो अभिमान वाटला तो त्यांच्या भिंतीवरच्या गदा घेतलेल्या फोटोंमुळे कधी वाटला नव्हता. मैदान मारायला लोक टाळ्या वाजवतात. मापावरची शीग बोटानं पाडणाऱ्याकडे कुणी बघतसुद्धा नाही.

चैत्रात गावची यात्रा असते. रस्त्यावर फ्लेक्स लागले. त्यांच्यावर आखाड्यात उतरणाऱ्या मल्लांपेक्षा शुभेच्छा देणारे चेहरे जास्त होते आणि त्यातला एकही चेहरा कधी मातीत पडलेला दिसत नव्हता. आबा पंच म्हणून जातात. ह्या वेळी ते पैलवानाला घेऊन निघाले. मी म्हटलं, हलगी वाजेल, तो घाबरेल. "घाबरंल की. कुस्तीच्या आधी कोन घाबरत न्हाई?"

तो घाबरलाच. पहिल्या थापेला त्यानं आबांच्या धोतरात तोंड घातलं. आबांनी पाय रोवले, त्याच्या मानेवर हात ठेवला आणि तसेच उभे राहिले. थोड्या वेळानं त्यानं डोकं बाहेर काढलं.

तेवढ्यात सारोळ्याचे पाहुणे आले. हे आबांचे जुने जोडीदार. तरुणपणी ह्याच आखाड्यात दोघांची कुस्ती झाली होती, बराच वेळ चालली आणि शेवटी बरोबरीत सोडवली. तेव्हापासून दर यात्रेला दोघं भेटतात आणि पंचांनी ती का सोडवली ह्यावर वाद घालतात. पाहुण्यांनी पैलवानाकडे बघितलं. मग मातीत उतरून त्याच्यासमोर वाकले, आणि मल्लाला चाचपतात तसं छातीवरून, खांद्यावरून, पुढच्या पायांवरून हात फिरवला. मनगटाशी थांबले.  मागच्या आठवड्यात डॉक्टर पाय बघून काय म्हणाले ते मला माहीत होतं, तरी मी एक पाऊल पुढे सरकले.

"पाय तर सुतात हायत," पाहुणे म्हणाले. "ऐकलं व्हतं, वाकडं झालंत म्हणून."

"झालं व्हतं."

"पर बारीक झालाय रं."

"झाला न्हाई," आबा म्हणाले. "ठिवलाय."

पाहुणे उभे राहिले. पैलवानाला ते आवडले होते, हात फिरवणारा माणूस त्याला नेहमीच आवडतो. तो त्यांच्या शेजारी येऊन उभा राहिला आणि हळूच रेलला. चारी पाय सरळ, पंजे घट्ट, पाठ आडव्या तुळईसारखी. पाहुण्यांनी "अरं, अरं" म्हणत मऊ मातीत एक पाऊल मागे घेतलं, मग दुसरं, आणि मग अगदी सावकाश, मानानं, ते पाठीवर गेले. दोन्ही खांदे मातीला.

हलगीवाला थांबला. आबांनी पंचाचा हात वर केला.

"झाली निकाली," ते म्हणाले.

सगळ्यांत मोठ्यानं पाहुणेच हसले. पडल्या पडल्या म्हणाले, "ह्याला आमच्याकडं जेवायला आन. आज बोकड पडलाय, मटणाच्या दोन नळ्या घालतो."

"न्हाई. त्याचं जेवान घरी हाय. मोजलेलं."

शेवटची मोठी कुस्ती अजून व्हायची होती. पण जेवणाची वेळ झाली होती, आणि पंच दुसरा बसवून आबा निघाले. पाहुणे मातीत बसल्या जागेवरून ओरडले, "वस्ताद, ही धरायची न्हाई बरं का! माझा पाय घसरला!" आबांनी मागे न बघता हात हलवला.

मी त्यांच्या मागून चालत होते. रस्ता भाताच्या मोकळ्या खाचरांमधून जातो, ऊन समोरून येत होतं आणि दोघांच्या सावल्या माझ्यापर्यंत पोचत होत्या. पुढे सहा पाय चालले होते. त्यातले चार सरळ होते.